चपला काढून

“हे बघा सूनबाई,” असं म्हणून विश्वंभरमामांनी आपला रुंद पंजा आमच्या फ्रिजच्या दारावर ठेवला. मग दुसरा ठेवला. एवढ्यानंही माझी खात्री पटायची नाही असं वाटलं की काय कोण जाणे, त्यांनी वाकून गालही टेकवला आणि तसंच माझ्याकडे तिरपं बघत विचारलं, “कुठं हाय करंट? दाखवा की.”

मी काय दाखवणार, कपाळ? सकाळी त्याच दाराला हात लावला तेव्हा कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या होत्या आणि हातातलं निम्मं दूध फरशीवर सांडलं होतं. आता तोच फ्रिज गरीब गाय होऊन उभा होता. मामांच्या मागे त्यांचा वायरमन नागोराव टेस्टर घेऊन उभा होता. त्यानं टेस्टर फ्रिजला लावला, मिक्सरला लावला, नळाला लावला. टेस्टरमधला दिवा काही लागला नाही.

“सगळे पॉइंट ओके हायेत, मालक,” तो म्हणाला.

“बाईमाणसाला कधीमधी वाटतं असं,” मामांनी निकाल दिला. “घर नवं असलं का होतं. हळूहळू सवय होईल.”

“मामा, मला वाटत नाही. मला बसतो,” मी म्हटलं.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे परभणीला सासूला आत्याबाईच म्हणतात. मामा त्यांच्या माहेरगावचे, सख्ख्यापेक्षा सख्खे, दर राखीपौर्णिमेला हात पुढे करून हजर. आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “उज्ज्वला, मामांना चहा टाक.” झालं. खटला निकालात निघाला, आणि वर आरोपीला चहा.

ही गोष्ट जुनी. वसमत रस्त्याला मामांनी ओळीनं घरं बांधली, त्यातलं एक आम्ही घेतलं. बांधकाम मामांचं, पण वायरिंग त्यांनी नागोरावला पॉइंटाच्या ठेक्यावर देऊन टाकलं होतं. म्हणजे एक दिवा एक पॉइंट, एक पंखा एक पॉइंट, जितके पॉइंट निघतील तितका हिशोब. अख्ख्या ओळीचं काम नागोरावनं असंच उरकलं होतं.

घरात राहायला आल्यापासून मला झटके बसत होते, आणि सगळ्या घरात फक्त मलाच बसत होते, हे माझं खरं दुखणं. रोज बसले असते तरी बरं. मधेच एखाद्या दिवशी बसायचे, आणि मी कुणाला बोलवून आणेपर्यंत गायब. आमचे हे टेलिफोन खात्यात. पाण्याची बाटली हातात मिळाल्यावर पाणी पिणारा माणूस. फ्रिजला त्यांचा हात जन्मात लागला नव्हता. आत्याबाईंच्या टाचा दुखायच्या म्हणून डॉक्टरांनी त्यांना घरात घालायला जाड रबरी चपला दिल्या होत्या. देवपूजेची वेळ सोडली तर त्या चपला त्यांच्या पायातून निघत नसत. त्या खुशाल फ्रिज उघडायच्या, कोथिंबीर काढायच्या, बंद करायच्या, आणि माझ्याकडे अशा बघायच्या की मी माहेरी जायला निमित्त शोधते आहे.

मग एका सकाळी चिमीनं फ्रिज धरला. माझी लेक तेव्हा नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. तिनं दाराची मूठ धरली, किंचाळली आणि मागं पडली. ती किंचाळी पडल्यावरची नव्हती, पडायच्या आधीची होती. मी ऐकली होती. हे म्हणाले, पाय घसरला असेल. आत्याबाईंनी डोक्याला हळद लावली आणि फरशी ओली ठेवल्याबद्दल मला बोलल्या.

त्या दिवसापासून मी चिमीला जमिनीवर सोडलंच नाही. बाजेवर ठेवायचे, कडेनं उशा लावायचे, आणि स्वयंपाक करता करता मान वळवून बघायचे. चालायला शिकायच्या वयात पोर बाजेवर बसून रडायची. “पाय लुळे पडतील पोरीचे तुझ्या हट्टापायी,” आत्याबाई म्हणायच्या. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच, की हे घर दुरुस्त झालं पाहिजे, आणि मला तर माझ्याच घरात कुणी खरं मानत नव्हतं. दुसरा वायरमन आणावा म्हटलं तर एकानं दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही म्हणून सांगितलं. मामांनी बजावलं होतं की परक्यानं हात लावला तर पुढची जबाबदारी माझी नाही. आणि आत्याबाई म्हणाल्या, माझ्या भावाच्या कामाची तपासणी परका माणूस करणार असेल तर आधी मला माहेरी पोचवा.

अशात महालक्ष्म्या आल्या.

आमच्याकडे उभ्याच्या महालक्ष्म्या असतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघींना लोखंडी स्टँड, त्यावर पितळी मुखवटे, पुढं केलेले पितळी हात, अंगावर नवी पातळं. नव्या घरातलं पहिलं वर्ष, म्हणून आत्याबाईंनी सगळ्या कॉलनीला हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. यांनी उत्साहाच्या भरात कुठूनसा एक पत्र्याचा फोकस आणला आणि ज्येष्ठेच्या स्टँडलाच मागून चिमट्यानं घट्ट बसवून टाकला, म्हणजे मुखवट्यामागं कसं तेज दिसेल. पाहुण्यांना पाणी पुरावं म्हणून टँकर मागवला. हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर त्या दिवशी सारखी लावावी-बंद करावी लागत होती.

आवाहनाच्या संध्याकाळी आत्याबाई सोवळ्यात होत्या. नेसू ओलं, पाय अनवाणी, चपला पार मोरीपलीकडे. आम्ही कुंकवाची पावलं उमटवत महालक्ष्म्यांना आत आणलं, सगळं घर दाखवलं, धान्यानं भरलेलं फडताळसुद्धा दाखवलं. आत्याबाईंनी ज्येष्ठेचा मुखवटा स्टँडवर बसवला, हळदकुंकू लावायला बोट पुढं केलं, आणि तशाच थबकल्या. त्यांचे डोळे मोठे झाले. दुसऱ्यांदा बोट लावलं. अंगावर काटा आला तो मला लांबून दिसला.

“आल्या,” त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. “साक्षात आल्यात गं. हात लावून बघ.”

शेजारच्या वट्टमवारबाई तिथंच होत्या. त्यांनी हात लावला, ‘आई गं’ म्हणून मागे घेतला आणि लोटांगणच घातलं. मग काय विचारता. आमच्या ओळीतली बातमी फोनशिवाय फिरायची. गोदाकाकूंच्या, म्हणजे आमच्या आत्याबाईंच्या, महालक्ष्म्या जाग्या आहेत, हाताला जाणवतात, हे ऐकून बायका ओटीची ताटं घेऊन दारापर्यंत रांगेनं उभ्या राहिल्या. मी पायरीवर चिमीला कडेवर घेऊन उभी होते. देवीबद्दल शंका घ्यायची माझी काय बिशाद, पण त्या झिणझिण्या मला चांगल्याच ओळखीच्या होत्या. त्यांच्यापायी मी दूध सांडलं होतं.

आणि मग एक गंमत झाली. पुढच्या तिघीचौघींना काहीच जाणवलं नाही. एकीनं दोनदा हात लावला, तिसऱ्यांदा नुसताच ठेवून डोळे मिटले. काही नाही. बिचारी रडवेली झाली. मागची कुजबुजली की हिनं सकाळी चहाबरोबर बिस्किट खाल्लं असेल. तिच्यामागच्या थोरातबाई कडक उपासवाल्या, त्या मोठ्या खात्रीनं पुढं झाल्या, आणि त्यांनाही काही नाही. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेवढ्यात आत्याबाईंनी कुणालातरी सांगितलं की टाकी अजून भरली नाही, मोटर लावा. थोड्या वेळानं रांगेतली पुढची बाई ‘अगं बाई’ करून मागं सरकली.

माझे कान मोटरीच्या आवाजाकडे गेले. मी चिमीला यांच्याकडे दिलं आणि जिन्याखाली धावले. तिथं मोटरीचं बटन. बंद केलं, परत आले, बायकांना बाजूला सारून ज्येष्ठेच्या हाताला हात लावला. काही नाही. पुन्हा जिन्याखाली. बटन दाबलं. मोटर घुरघुरली. परत आले, हात लावला, आणि कोपरापर्यंत तीच झिणझिण गेली. मला त्या वेळी हसू येत होतं की रडू, आता सांगता यायचं नाही. इतके दिवस कधी बसतो आणि कधी बसत नाही ते कळत नव्हतं, कारण मोटर असायची मागच्या अंगणात, पाणी यायचं तीन-चार दिवसांआड, आणि बटन दाबायचं दुसरंच कुणीतरी. मामा यायचे तेव्हा हौद कोरडा.

मी मोटर बंद करून आले आणि फोकसची पिन ओढून काढली. आत्याबाई म्हणाल्या, देवीपुढं अंधार कशाला केलास. मी म्हटलं, फोकस तापलाय. यांना बाजूला घेऊन सांगायला गेले तर हे म्हणाले, आजचा दिवस तरी नको.

दुसऱ्या दिवशी महानैवेद्याचा स्वयंपाक. सकाळी पुरण वाटता वाटता मी आत्याबाईंपुढं बसले आणि सगळं सांगून टाकलं. मोटर सुरू असली की देवी जागी होते, बंद केली की झोपते, स्वतः बघून आले आहे. फ्रिजचंही तेच असणार.

त्यांचा हात पुरणावर थांबला. मग एवढंच म्हणाल्या, “भरल्या घरात देवीपुढं असलं बोलू नये. गप बैस. आणि कुणापुढं बोलू नकोस.”

मला इतका राग आला की उठून मी पुरणपोळ्या लाटायला घेतल्या त्या सगळ्या फाटल्या. मनात म्हटलं, पोरगी आयुष्यभर बाजेवर बसू दे, तुमचा भाऊ आणि तुमची देवी सुखात राहोत.

संध्याकाळी हळदीकुंकवाला घर फुलून गेलं. फोकस पुन्हा लागला होता; तो आत्याबाईंनीच लावायला सांगितला. पण त्या दिवशी त्या स्वतः महालक्ष्म्यांच्या शेजारी पाट टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, आज लांबूनच हळदकुंकू वाहा, हात लावू नका, महालक्ष्मीबाई दमल्यात. कालची कीर्ती ऐकून आलेल्या बायका हिरमुसल्या. मला वाटलं, चला, निदान माझ्या बोलण्यातलं एवढं तरी डोक्यात गेलं.

आरती होते न होते तोच विश्वंभरमामा आले. बरोबर सुलोचनामामी, आणि मागे प्रसादाला बोलावलेला नागोराव. मामांनी टायरच्या तळाच्या चपला पायरीवर काढल्या आणि आत येऊ लागले.

“थांब विश्वंभर,” आत्याबाई आतून म्हणाल्या. “उज्ज्वला, माहेरचा भाऊ पहिल्यांदा महालक्ष्म्यांना ह्या घरात आलाय. पाय धू त्याचे.”

मी तांब्या घेऊन गेले आणि मुकाट्यानं पाय धुतले. मामांना ते फार आवडलं. पुसायला पंचा पुढं केला तर आत्याबाई म्हणाल्या, राहू दे, देवीपुढं ओल्या पायानंच यावं. मामा फरशीवर ओली पावलं उमटवत आत आले. बायकांनी वाट दिली. त्यांनी हात जोडले, खण-नारळ ठेवला आणि वळणार तोच आत्याबाई बोलल्या. आवाज मोठा नव्हता, पण बोलायला लागल्या की खोली गप्प व्हायची.

“विश्वंभर, ह्या घरातल्या ह्या पहिल्या महालक्ष्म्या. घर तू बांधलंस. माझी सून म्हणते, वायरिंगमधे खोट आहे. तू म्हणतोस, नाही. मला दोघंही सारखे. रोजची कटकट नको. बाईच्या हातावर हात ठेव आणि चारचौघींदेखत सांग, काम चोख आहे म्हणून. मग सुनेचं तोंड मी कायमचं बंद करते.”

माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. सगळी कॉलनी माझ्याकडे बघत होती. सुनेचा पाणउतारा करायला ह्यांना सण सापडला, असं वाटून मला रडू फुटायच्या बेतात होतं.

मामा खूष झाले. “ताई, एवढंच ना,” म्हणाले. “चला, देवीच्या साक्षीनं होऊन जाऊ द्या.” त्यांनी बाह्या वर सारल्या.

“जरा थांब,” आत्याबाई म्हणाल्या. “आधी हात धुऊन घे, नारळाचा काथ्या लागलाय. उज्ज्वला, पाणी घाल त्याच्या हातावर. आणि टाकी उतरली असंल. मोटर लावून ये जा.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर ज्येष्ठेच्या पितळी हातावर होती, आणि पायाचा अंगठा फरशीवर हळूहळू हलत होता. आरती संपून गेली तरी त्यांनी चपला घातल्या नव्हत्या, हे मला तेव्हा दिसलं.

मामांच्या हातावर पाणी घातलं न घातलं आणि मी जिन्याखाली पळाले. बायकांच्या ताटांना धक्के बसले, कुणाचं तरी कुंकू सांडलं. घाईत बटन पहिल्यांदा दाबलंच गेलं नाही. दुसऱ्यांदा दाबलं. मोटर घुरघुरायला लागली. परत दारात येऊन टाचा उंचावून पाहिलं तर मामा छाती काढून उभे, ओला पंजा पितळी हातावर अलगद टेकतोय.

“ज्येष्ठा-कनिष्ठेची आण घेऊन सांगतो, ह्या घरातलं काम...”

चोख हा शब्द काही बाहेर आला नाही. मामांनी असा हात झटकला की ते दोन पावलं मागं गेले आणि फराळाच्या पाटावर मटकन बसले. नारळ गडगडत नागोरावच्या पायाशी गेला.

“करंट हाय,” मामा ओरडले. “मेन स्विच बंद करा. करंट हाय.”

मी पळत जाऊन मोटर बंद केली. परत आले तर सगळ्या बायका ज्येष्ठेच्या पितळी हाताकडे बघत होत्या. वट्टमवारबाई भाबडेपणानं म्हणाल्या, “करंट कसा हो? काल आम्हाला पण असंच झालं. देवीच ती.”

आत्याबाई पाटावरून उठल्या, मामांच्या समोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे विचारलं, “आता तूच सांग विश्वंभर, देवी आहे का करंट आहे? करंट असला तर तुझं काम खोटं. देवी असली तर तुझी शपथ खोटी. कोणतं खोटं म्हणू मी?”

मामांनी देवीकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि शेवटी सगळे मालक बघतात तिकडे पाहिलं, म्हणजे नागोरावकडे.

नागोरावनं नारळ उचलून दोन्ही हातात धरला होता. “माझ्याकडं कामून बघायलात, मालक?” तो म्हणाला. “अर्थिंग तुम्ही पॉइंटात धरली नव्हती.”

“धरली नव्हती म्हणजे?” आत्याबाईंनी विचारलं.

“काकू, दिवा लागतो तो पॉइंट, पंखा फिरतो तो पॉइंट. अर्थिंगला ना बटन, ना दिवा. ती कशात मोजणार? मी म्हणलं ती जमिनीत सोडायला खड्डा घ्यावा लागंल, मालक म्हणले पॉइंटापुरतं बघ. मी अर्थिंगची हिरवी वायर सगळ्या घरात फिरवली, आन् शेंडा मीटरपेटीमागं गुंडाळून ठेवला.”

हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं. मोटरीतून गळणारा करंट जमिनीत जायचा सोडून, त्या हिरव्या वायरीनं घरभर हिंडत होता. फ्रिजमधे, मिक्सरमधे, फोकसमधून महालक्ष्मीच्या हातात. आमच्याच नाही, ओळीतल्या प्रत्येक घरात ती वायर अशीच गुंडाळलेली होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ‘मला वाटलं माझाच हात बधिर होतो’, एक म्हणाली. ‘आमचे म्हणाले भास होतो’, दुसरी म्हणाली. त्या गलक्यात सुलोचनामामी पुढं आल्या. इतका वेळ त्या कोपऱ्यात प्रसादाचा द्रोण धरून उभ्या होत्या.

“आपल्या घराचं काम पण ह्यानंच केलं का हो?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

मामा वर सारलेल्या बाह्या खाली करायला लागले.

“मिक्सरला हात लावला का मला मुंग्या येतात म्हणून दोन वर्षं सांगायले मी,” मामी म्हणाल्या. “डॉक्टरकडं नेऊन रक्त वाढायच्या गोळ्या आणल्या तुम्ही.”

इतकं हसू मी कुठल्याच हळदीकुंकवात ऐकलं नाही. थोरातबाई तर हसता हसता भिंतीला टेकल्या. काल आपली श्रद्धा कमी पडली नव्हती ह्याचा आनंद त्यांना जास्त झाला असावा. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी महालक्ष्म्यांपुढं डोकं टेकवलं, बराच वेळ तसंच ठेवलं, ओठ पुटपुटत होते. मग मामांना हात देऊन उठवलं आणि म्हणाल्या, “जेवून घे. उद्या दुपारी बाई जायच्या आहेत. त्यांच्यादेखत खड्डा झाला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा, नागोराव आणि दोन गडी अंगणात हजर. कोळशाची पोती, मिठाच्या गोण्या, तांब्याची पट्टी. खड्डा माणूसभर खोल गेला. सगळी ओळ कठड्यावर बसून बघत होती, आणि कालपर्यंत ज्यांना मीटर कुठं आहे ते माहीत नव्हतं त्या बायका नागोरावला मीठ कमी पडतंय म्हणून सांगत होत्या. हिरव्या वायरीचा शेंडा शेवटी एकदाचा जमिनीत गेला. मोटर खोलून तिची जळकी वायर बदलली. मग आत्याबाईंनी मामांना स्वयंपाकघरात नेलं, तांब्याभर पाणी पायांवर ओतलं, मोटर लावायला सांगितली आणि म्हणाल्या, “धर फ्रिज. आज गाल पण टेकव.”

मामांनी डोळे घट्ट मिटून हात लावला. उघडले. पुन्हा लावला. मग खरंच गाल टेकवला आणि लहान पोरासारखे हसले. माणूस वाईट नव्हता. पुढं त्यांनी सगळ्या ओळीत खड्डे घेतले, पहिला स्वतःच्या घरी.

मी चिमीला बाजेवरून उचललं आणि फरशीवर ठेवलं. ती क्षणभर माझ्याकडे बघत बसली. मग सरळ रांगत फ्रिजकडे गेली, मूठ धरून उभी राहिली आणि दार वाजवायला लागली. मी तिथंच ओट्याला टेकून खाली बसले आणि पदर तोंडात धरून मनसोक्त रडले. कुणी काही विचारलं नाही. दुपारी महालक्ष्म्या गेल्या.

त्यानंतर आत्याबाई ह्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरात सासूला असं कुणी विचारत नसे. मला एवढंच कळत नव्हतं की सकाळी मला गप बैस म्हणणाऱ्या बाईनं संध्याकाळी मोटर लाव कसं म्हटलं.

पुढल्या वर्षी महालक्ष्म्या पुन्हा आल्या. वट्टमवारबाईंनी मोठ्या आशेनं ज्येष्ठेच्या हाताला हात लावला, थांबल्या, पुन्हा लावला.

“यंदा काहीच जाणवत नाही हो काकू,” त्या म्हणाल्या. मोटर सुरू होती.

“मागच्या वर्षी तिला इथं काम होतं,” आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

बायका गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात उरलेलं आवरत बसलो होतो. चिमी उष्ट्या द्रोणांची गाडी करून घरभर पळत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “आत्याबाई, तुम्हाला कधी पटलं?”

त्यांनी तेलाची वाटी पुढं ओढली. टाचांना तेल चोळत राहिल्या.

“पहिल्यांदा लागलं तेव्हा मला देवीच वाटली,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू. मग दुसऱ्या दिवशी पुरणाच्या वेळी तू मोटरीचं सांगितलंस. तुला गप केलं, आणि तू पोळ्या लाटत होतीस तेव्हा मी मोटर लावून आले, अनवाणी फ्रिजपाशी गेले. हात लावला. मग चपला घालून लावला. मग काढून लावला.” तेल चोळणारा हात थांबला. “पोरीच्या डोक्याला मीच हळद लावली होती ना गं. वर्षभर तू सांगत होतीस, आन् मी तुझं चपला घालून ऐकत होते.”

चिमीनं आजीला पाणी मागितलं, थंडच पाहिजे म्हणाली. आत्याबाई उठल्या, सवयीनं चपला पायात सरकवल्या आणि फ्रिजपर्यंत गेल्या. दारापाशी थांबल्या, चपला काढून बाजूला ठेवल्या, आणि मग मुठीला हात लावला.

पुढं त्या गेल्या तोवर, टाचा कितीही दुखत असल्या तरी, फ्रिज त्यांनी तसाच उघडला.